वाजवून घेतलेली वाक्यं

१० नोव्हेंबर, सोमवार

बाकं फुकट मिळाली, असं मी बाजारात सगळ्यांना सांगतो. खरा हिशेब इथे मांडतो, कारण ही वही माझी बायको वसुधा वाचत नाही. बंद पडलेल्या एका शाळेतून ती बाकं सोनागिरीला आणताना लोणच्याच्या दोन मोठ्या बरण्या फुटल्या, सुभाषच्या टेम्पोचा मागचा फाळका वाकला आणि सुभाष यंदा दिवाळीच्या फराळाला आला नाही. दुकानावरची खोली गेली, म्हणजे वसुधाची पापड ठेवायची आणि माझी दुपारी आडवं व्हायची जागा गेली. माझी कंबर अजून डावीकडे वळत नाही. एवढ्यात नवीकोरी बाकं आली असती आणि सुभाषही राहिला असता.

पण वर्ग सुरू झाला. खाली माझं कपबशांचं दुकान, वर शारदाबाईंचा इंग्रजीचा वर्ग. बाई शाळेतून निवृत्त झालेल्या, शिकवण्यात एकदम पक्क्या. मुलं सगळी बँकेच्या लिपिक-परीक्षेला बसणारी. जागा माझी, विद्या त्यांची. मी म्हणायचो, हा धंदा बरा, यात माल फुटत नाही.

आज फुटला. शारदाबाई नेहरू नगरात स्वतःच्याच घराच्या पायरीवरून घसरल्या. पायाला प्लास्टर. दोन महिने जिना चढायचा नाही. परीक्षा चार जानेवारीला.

११ नोव्हेंबर, मंगळवार

बाईंना भेटून आलो. उशीवर टेकून बसल्या होत्या आणि स्वतःवरच चिडल्या होत्या.

"दत्तूशेठ, मुलांना दुसरीकडे पाठवा. नियम सगळे शिकवून झालेत, पण वाक्य-दुरुस्तीचा सराव राहिलाय. रोज पंधरा वाक्यं, प्रत्येकाला चार पर्याय. तो कोणीतरी समोर बसून करून घ्यावा लागतो. दुपारी मी गोळ्या घेऊन झोपलेली असते."

मी म्हटलं, "मी घेतो."

"तुम्ही?"

"वाक्यं तुम्ही पाठवा, वाचून मी दाखवतो, संध्याकाळी फोनवर तुम्ही तपासा. चुकलेलं दुसऱ्या दिवशी सुधारू."

"बरं, मग उत्तरंही पाठवते."

"उत्तरं नकोत."

बाईंनी कारण विचारलं. मी त्यांना सांगितलं ते इथेही लिहून ठेवतो. उज्जैनहून आलो तेव्हा माझ्याकडे एक हातगाडी आणि उधारीच्या कपबशा होत्या. कारखान्याच्या कॉलनीत फिरायचो. प्रत्येक कपाला टिचकी मारून द्यायचो. चांगला टण्ण वाजतो, तडा गेलेला भद्द. कॉलनीत बंगाली, केरळी, पंजाबी बायका, सगळ्यांची घासाघीस इंग्रजीत. तीस वर्षं ते इंग्रजी कानात पडलंय. गिऱ्हाईक तोंड उघडायच्या आधी त्याच्या हातातल्या बांगड्या बोलतात आणि मला भाव कळतो. एक पुस्तक न वाचता मी अख्खं दुकान कानावर उभं केलं. वाक्य काय आणि कप काय! "बाई," म्हटलं, "मला नियम नकोत. मी वाजवून सांगीन, पंधराला पंधरा."

त्या इतक्या हसल्या की पाय दुखला.

घरी येऊन वसुधाला सांगितलं. ती म्हणाली, "सगळ्यांचं ठीक आहे, त्या क्षितिजाचं काय? तिची ही शेवटची संधी आहे ना?"

मला माहीत नव्हतं. वसुधाला जिन्यावर बसून सगळं कळतं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

पहिला दिवस झकास गेला! थंडीमुळे पंखे बंद, खोली शांत, कान स्वच्छ.

माझी पद्धत अशी ठरली. वाक्य मोठ्याने वाचायचं. मग एकेक पर्याय वाचून थांबायचं, जसा कप वाजवून थांबतो तसं. पहिलं वाक्य होतं, 'शी लाइक्स कुकिंग, रीडिंग अँड टू स्विम.' यात काय बदलायचं? अ वाचला, थांबलो. ब वाचला, थांबलो. क वाचला, 'अँड स्विमिंग', आणि लगेच कानात बारीकशी खर्रर्र झाली, की हेच! मी म्हटलं, "क." मुलांनी लिहून घेतलं.

वर समजावूनही दिलं. "तीन कपांचा सेट आहे. दोन कपांना कान आणि तिसऱ्याला नाही, असा सेट कोण घेईल? कुकिंगला कान, रीडिंगला कान, मग स्विमिंगला पण लावा."

मागच्या बाकावरचा जितेंद्र म्हणाला, "सर, बाई याला पॅरलल काहीतरी म्हणतात."

"म्हणू देत. तू सेट म्हण."

पुढच्या बाकावर क्षितिजा बसते. सावळी, बारीक, वडिलांचं जुनं शाईपेन वापरते, त्याची निब कागदावर खरखर वाजते. वर्गात तिचा आवाज मी एकदाही ऐकलेला नाही. हजेरीलाही हात वर करते.

संध्याकाळी बाईंना फोनवर उत्तरं सांगितली. पंधरापैकी तेरा बरोबर. बाईंनी उत्तरं पुन्हा एकदा ताडून बघितली. मग म्हणाल्या, "दत्तूशेठ, खरंच कानाने?"

"कानाने."

दोन चुकली ती जितेंद्र बाकाखाली पडलेलं डबड्याचं झाकण शोधत होता तेव्हाची. आवाज झाला की माझी टिचकी बिघडते.

१९ नोव्हेंबर, बुधवार

क्षितिजाचे वडील गजाननराव दुकानात आले. कारखान्यातून टेक्निशियन म्हणून निवृत्त झालेले, सरळ माणूस. सहा कप घ्यायला आले आणि चहा पिऊन तासभर बसले.

"शेठ, ही एवढी एक परीक्षा. वयामुळे हिला आता यापुढे बसता येणार नाही. नाही झालं तर करोंदला माझ्या मेव्हण्याची धान्याची आडत आहे, तिथे बसेल. पोती मोजेल, पावत्या फाडेल. काम वाईट नाही."

"तिला काय हवंय?"

"तेच तर कळत नाही हो. बोलतच नाही! मागच्या वेळी थोडक्यात गेलं. नंतर कळलं, दहा-बारा प्रश्न येत असून कोरे सोडले. चुकलं की गुण कापतात ना, घाबरली. घरी पण तेच. भाजीत मीठ नसलं तरी गुपचूप जेवते. मी म्हणतो, मीठ नाहीये का? तर म्हणते, तुम्हाला चालत असेल तर असेल."

कप वाजवून दिले. पैसे नको म्हणत होतो, त्यांनी दिलेच.

रात्री जेवताना वसुधा म्हणाली, "पोरीला सगळं येतं. तुम्ही उत्तर सांगायच्या आधी तिचं लिहून झालेलं असतं."

"तुला जिन्यावरून दिसतं?"

"जिन्यावरून पुढचं बाकच दिसतं."

हुशार पोरगी आहे. माझा वेग तिने बरोबर पकडलाय.

२४ नोव्हेंबर, सोमवार

आज नाक कापलं गेलं.

वाक्य होतं, 'माय फादर, अलाँग विथ हिज ब्रदर्स,' आणि पुढे गाळलेली जागा, 'गोइंग टू उज्जैन.' पहिला पर्याय 'इज'. वाचला, थांबलो, कानात खर्रर्र झाली. खोटं कशाला बोलू, झाली. पण मी स्वतःलाच म्हटलं, दत्तू, वडील आहेत! वडील 'येतो' असं कसं म्हणशील? वडील येतात. शिवाय बरोबर दोन-चार काका. इथे एकेरी वापरायचं म्हणजे शोभतं का? कानापेक्षा संस्कार मोठे. मी ठणकावून सांगितलं, "आर! वडिलांना नेहमी आर!"

अख्ख्या वर्गाने लिहून घेतलं. मराठी, हिंदी, सगळ्या घरची मुलं, एकाने मान हलवली नाही. जितेंद्रने तर खाली दोन रेघा मारल्या.

संध्याकाळी बाई म्हणाल्या, "दत्तूशेठ, इंग्रजीत बाप एकच असतो."

"पण मान?"

"मान मनात ठेवायचा, क्रियापदात नाही. आणि अलाँग विथच्या मागे कितीही काका उभे करा, गाडी वडिलांच्या नावावर आहे. इज."

पटलं नाही, पण मान्य केलं. मला दुसरंच टोचत होतं. मला इतकी चांगली खर्रर्र ऐकू आली होती आणि मी तिचं ऐकलं नाही.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

वर्गात कबूल केलं. "काल मी चुकलो. इज हवं होतं. कोणाला माहीत होतं?"

सगळे वह्या चाळायला लागले. मग जितेंद्र म्हणाला, "सर, डाउट तो था."

"मग बोलला का नाहीस?"

"आप बोल रहे थे ना, सर."

मी क्षितिजाकडे बघितलं. तिच्या वहीत 'इज' लिहून खोडलेलं होतं आणि वर 'आर'. वर्ग सुटल्यावर तिला थांबवलं. वसुधाही वर आली, चहाचं निमित्त करून.

"तुला माहीत होतं."

मान हलली.

"मग खोडलंस का?"

बराच वेळ पदर, म्हणजे ओढणीचं टोक, बोटाला गुंडाळत राहिली. मग बोलली. आवाज चांगला आहे पोरीचा, खणखणीत! "तुम्ही सांगितलंत ना. मला वाटलं, सर म्हणतात तर माझंच चुकलं असेल."

"आणि परीक्षेत? तिथे तर मी नसतो."

"तिथे पेपर असतो. चारही पर्याय छापलेले असतात, सर. एवढ्या मोठ्या लोकांनी छापलेले. मला एक बरोबर वाटतो आणि मग वाटतं, इतकं सोपं कसं असेल, आपल्याला आलं म्हणजे काहीतरी गडबड आहे."

वसुधा म्हणाली, "अगं बाई, ह्यांचं बघ. ह्यांना काहीच येत नाही आणि कसे छातीठोक बोलतात."

मी ते जाऊ दिलं. क्षितिजाला म्हटलं, "उद्यापासून नवीन रीत. मी पर्याय वाचणार, थांबणार, आणि उत्तर आधी तू सांगणार. मोठ्याने. मग मी सांगणार."

"आणि माझं चुकलं तर?"

"माझं काल चुकलं, तर काय झालं? कप फुटला का कुठला?"

"सर, तुमच्याआधी बोलायचं म्हणजे..."

"अपमान वाटतो ना तुला माझा? तर ऐक. न बोललीस तर मला अपमान वाटेल."

ही युक्ती धंद्यातली आहे. आदर करणाऱ्या गिऱ्हाइकाला आदरानेच पकडायचं.

२६ नोव्हेंबर, बुधवार

पहिलं उत्तर तिने स्वतःच्या बाकाला सांगितलं. मी म्हटलं, "मागच्या बाकाला ऐकू आलं पाहिजे. आणि त्याच्याही मागे जिन्यावर माझी बायको बसलीय, तिलाही."

जिन्यावरून आवाज आला, "मी पापड बघतेय!"

वर्ग हसला, तीही हसली. पाचव्या वाक्यापर्यंत आवाज दुसऱ्या बाकापर्यंत गेला. 'द बॉक्स ऑफ मँगोज' असं वाक्य होतं, ती म्हणाली "इज", मी म्हटलं, "इज. आंबे कितीही असोत, गिऱ्हाईक उचलतं ती पेटी."

संध्याकाळी बाईंनी तपासलं. पंधरापैकी चौदा.

३ डिसेंबर, बुधवार

पंधराला पंधरा! म्हटलं नव्हतं?

ती आधी सांगते, मी नंतर. आमचं मत एकदाही वेगळं पडलं नाही. गुरू-शिष्याचा सूर लागणं म्हणतात ते हे असावं.

वसुधाने विचारलं, "मग आता तुम्ही नेमकं काय करता?"

"मी पक्कं करतो."

"म्हणजे हो म्हणता."

"हो म्हणणं सोपं नाही, वसुधा. वजन लागतं."

१२ डिसेंबर, शुक्रवार

दुकानात काचेच्या ग्लासांचे खोके आले, त्यात वेळ गेला. वर्गात उशिरा पोचलो. जिन्यातूनच आवाज ऐकला. क्षितिजा पर्याय वाचत होती आणि जितेंद्र भांडत होता. "अगं, पण ड का नाही?" आणि ती त्याला म्हणत होती, "कारण मला माहीत आहे म्हणून!" मग स्वतःच घाबरून गप्प झाली. मी खोकलो आणि आत गेलो. संध्याकाळी सगळ्या वर्गाला कचोरी खायला घातली. कारण विचारलं तर म्हटलं, ग्लास एकही फुटला नाही म्हणून.

२८ डिसेंबर, रविवार

शारदाबाईंनी घरी बोलावून सगळ्यांची सराव-परीक्षा घेतली. क्षितिजाने इंग्रजीचे चार प्रश्न कोरे सोडले. बाकी सगळे बरोबर.

बाई रागावल्या नाहीत. मी रागावलो. "चार का सोडलेस?"

"सर, तिथे कोणी थांबत नाही ना. वर्गात तुम्ही पर्याय वाचून थांबता, तेवढ्यात माझं ठरतं. पेपर एकदम चारही समोर आणतो."

"मग तू थांब. पेपरला तू थांबव! अ वाच, थांब. ब वाच, थांब."

"आणि तुम्ही?"

"मी आहेच समज. डोळ्यांसमोर ठेव मला. ही मिशी, हा स्वेटर."

बाई म्हणाल्या, "स्वेटर तरी नवा घाला मग."

काळजी वाटतेय. आठवडा उरलाय. गजाननराव परवा म्हणाले, मेव्हण्याने आडतीवर तिच्यासाठी खुर्ची आणून ठेवलीय.

४ जानेवारी, रविवार

परीक्षा केंद्रावर गेलो. काही काम नव्हतं, पण दुकानात हात लागेना. गजाननराव फाटकाशी आधीच उभे होते. दोघांनी समोरच्या गाडीवर पोहे-जिलबी घेतली. गजाननरावांनी पोह्यांवर शेव घेतली नाही, जिलबी तशीच धरून उभे राहिले, पाक मनगटावर आला तरी कळलं नाही त्यांना.

"शेठ, खरं सांगा. होईल का?"

तीस वर्षांत कुठल्या गिऱ्हाइकाला न वाजवता कप दिला नाही मी. म्हटलं, "आवाज चांगला आहे तिचा. बाकी बँकेला माहीत."

मुलं बाहेर आली. जितेंद्र लांबूनच हात हलवत, "सर, मॅथ्स ने मार डाला!" क्षितिजा शेवटी आली. वडिलांसमोर उभी राहिली. मग माझ्याकडे बघितलं.

"एकही सोडला नाही."

गजाननरावांनी जिलबी तिच्या हातात दिली. ती खाता खाता बोलत राहिली, रिक्षा मिळेपर्यंत, कुठलं वाक्य कसं होतं, कुठे ती थांबली, खिडकीशी बसलेला मुलगा कसा शिंकत होता. त्या घरात आज जेवताना मीठ कमी असेल तर कोणीतरी सांगेल, असं मला वाटलं.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

झाली! क्षितिजा बँकेत लागली! सीहोरची शाखा. जितेंद्रचं गणिताने अडकलं, पण त्याचं वय आहे अजून, तो पुन्हा बसणार आणि बाकही तेच हवंय म्हणतो.

गजाननराव मावा-बाटीची मिठाई घेऊन आले. मेव्हण्याच्या आडतीवर त्या खुर्चीत आता कोण बसणार, असं मी विचारलं, तर म्हणाले, "मीच बसतो म्हटलंय. घरी तरी काय करू?"

क्षितिजा शारदाबाईंच्या पाया पडली. बाई आता काठी घेऊन जिना चढतात. मग ती माझ्या पाया पडली, मग वसुधाच्या. वसुधाने तिला जवळ घेतलं आणि कानात काहीतरी सांगितलं, दोघी माझ्याकडे बघून हसल्या. मी विचारलं नाही. निकालाच्या दिवशी बायकांना हसू द्यावं.

बाजारात सुभाष भेटला. कित्येक महिन्यांनी बोलला. "काय दत्तू, मास्तर झालास म्हणे?" मी सांगितलं त्याला, आणि त्याच्या टेम्पोभोवती जमलेल्या सगळ्यांना, की पुस्तकाला हात न लावता, निव्वळ कानावर, पंधराला पंधरा. कोणीही यावं आणि परीक्षा घ्यावी माझी.

फाळक्याचं मी निस्तरतो म्हटलं. उद्या जेवायला येतोय.

९ मार्च, सोमवार

नवीन तुकडी. शारदाबाई म्हणाल्या, आता मी आले, सराव मीच घेते. मी म्हटलं, बाई, वाक्य-दुरुस्ती माझी. गावात बोलून बसलोय. मुलं ते ऐकून आलीत. बाई म्हणाल्या, बरं, मी मागे बसते आणि तपासते.

पुढच्या बाकावर ऋतुजा नावाची मुलगी. सगळी मुलं पेनं उघडून माझ्याकडे बघत बसली. मी वाक्य वाचलं. अ वाचला, थांबलो. ब वाचला, थांबलो. क, थांबलो. ड. उकाडा सुरू झाल्याने पंखा चालू होता, तो बंद करायला लावला. पुन्हा वाचलं, तरी खर्रर्र झाली नाही. खोलीत इतकी शांतता की खाली वसुधा गिऱ्हाइकाला सुट्टे पैसे मोजून देतेय ते ऐकू येत होतं. मुलं हातात पेन धरून वाट बघत होती, कोणीही लिहीत नव्हतं.

मी म्हटलं, "ब." सगळ्यांनी लिहिलं.

असं शेवटपर्यंत. मग बाईंनी माझा कागद मागून घेतला आणि तिथेच बसून लाल पेनने तपासला.

पंधरापैकी चार.